गाडी सिग्नललाच का तापते : घरच्या घरी केलेल्या एका दुरुस्तीचं प्रकरण

गाडी आणि तक्रार

२०११ सालची पेट्रोल हॅचबॅक, एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, एमएच-०४ ची पाटी, मीटरवर ९४ हजार किलोमीटर. आमच्याकडे ती सेकंडहँड आली. ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, पुढचे ब्रेक पॅड एवढं मी तेव्हापासून घरीच बदलतो. ऑइल बदलता आलं की इंजिनमधलं बरंचसं आपल्याला जमतं, असा माझा समज होता. ऑगस्ट २०२४ पर्यंत तो कुणी मोडला नव्हता.

जागा म्हणजे ठाण्यात मानपाड्याला आमच्या सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पंपाची खोली. डावीकडचं दार निम्मंच उघडतं. बोनेटसमोर उभं राहायला दोन फूट जागा मिळते आणि डोक्यावर एक ट्यूबलाइट आहे, ती पंप चालू झाला की फडफडते.

संध्याकाळी कापूरबावडीहून घरी येताना, मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोड जिथे आखडला होता तिथे, तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला. एरवी तो अर्ध्याच्या जरा खाली खिळा ठोकल्यासारखा उभा असतो. दोन दिवसांनी तो पाऊण घरापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागच्या बसवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. आम्हाला ५ तारखेच्या पहाटे चिपळूणला निघायचं होतं. कोकण रेल्वेची तिकिटं मिळाली नव्हती, नेहमीप्रमाणेच. गाडी हाच एक मार्ग होता.

हाताशी असलेल्या दोन गोष्टी

या प्रकरणाचं उत्तर मला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवं होतं. तसं सांगणारी दोन माणसं घरात होती, त्यातला एक मीच.

पहिली गोष्ट. त्याच आठवड्यात मी नाशिक हायवेने भिवंडीच्या पुढे जाऊन आलो. ऐंशीच्या वेगाने गाडी चाळीस मिनिटं पळाली आणि काटा जागचा हलला नाही. परतताना माजिवड्याच्या सिग्नलला थांबलो आणि तो पुन्हा चढू लागला.

दुसरी गोष्ट बायकोने सांगितली. "सिग्नलला थांबलो की एसी गार लागत नाही रे. गाडी निघाली की परत लागतो."

मी म्हटलं, "गॅस कमी झाला असेल. ते नंतर बघू, आधी इंजिन."

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस निववणारी जाळी, रेडिएटरच्या अगदी पुढ्यात, चिकटून बसवलेला असतो. गाडी पळत असताना दोघांनाही समोरून फुकटचा वारा मिळतो. गाडी उभी राहिली की वारा बंद, मग दोघांचाही भार मागच्या एकाच पंख्यावर येतो. पंखा फिरला नाही तर रेडिएटरमधलं पाणी निवत नाही आणि कंडेन्सरमधल्या गॅसचा दाब वाढतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि आत नुसतं वारं येतं. उभ्या गाडीत इंजिन तापतंय आणि उभ्या गाडीतच एसी गार होत नाही, या दोन तक्रारी नव्हत्याच. तक्रार एकच होती.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारा वॉल्व्ह, बंद स्थितीत अडकला असता तर गाडी हायवेला आणखी लवकर तापली असती, कारण तिथे इंजिन जास्त उष्णता तयार करतं आणि रेडिएटरची वाटच बंद असते. म्हणजे भिवंडीच्या त्या फेरीनेच थर्मोस्टॅटला निर्दोष सोडलं होतं. मी तरीही त्यालाच पकडला.

पहिला शनिवार : पंखा पास

१७ ऑगस्टला सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, मी रीतसर सुरुवात केली. रीतसर म्हणजे वहीत लिहून. रेडिएटरची कॅप थंड गाडीवरच उघडायची, हे मला ठाऊक होतं. साधारण ०.९ बारची कॅप असली तर आतलं साधं पाणीही शंभरला न उकळता ११८-११९ अंशांपर्यंत तग धरतं, आणि गरम असताना कॅप सोडली तर ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. कूलंट (रेडिएटरमधलं रंगीत पाणी) थोडं कमी होतं, रंग हिरवाच. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा साईसारखा थर नव्हता. कॅप उघडी ठेवून इंजिन चालू केलं, बुडबुडे आले नाहीत. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं मुख्य पॅकिंग, गेलं असेल ही मोठी भीती तिथे संपली, आणि मला जरा जास्तच हुरूप आला.

मग पंखा. त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला आणि बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या. पंखा भर्रकन फिरला. मोटर चांगली. मग पंख्याचा करंट चालू-बंद करणारा रिले काढून रिलेच्या खाचेपासून कपलरपर्यंत मल्टिमीटरने वायर तपासली. मीटर बीप झाला. वायर चांगली. रिले परत बसवला, एसी लावला, मोकळ्या कपलरवर व्होल्टेज बघितलं : १२.३. सप्लाय चांगला. कपलर परत खोचला, पंखा फिरला.

वहीत लिहिलं : पंखा ठीक.

या चार चाचण्यांपैकी एकही खोटी नव्हती. तरी निष्कर्ष साफ चुकला. कसा, ते पुढे येईल, कारण मलाही ते दोन आठवड्यांनीच कळलं.

राहिला थर्मोस्टॅट. खरं सांगायचं तर तो "राहिला" नव्हता, मला तोच हवा होता. दहाच्या पान्याचे दोन बोल्ट, एक झाकण, आत वॉल्व्ह, एक रबरी पॅकिंग. तासाभराचं काम. पार्ट साडेसहाशेचा. ज्याला विचारावं तो "थर्मोस्टॅट बदलून टाका" म्हणतो, कारण ते सांगायलाही सोपं असतं. जे घरी बदलता येतं तोच दोष असावा अशी मनाची एक ओढ असते. मी त्या ओढीला तपासणी म्हणत होतो.

रविवार : बोल्ट

कूलंट काढायला मी रेडिएटरखाली घमेलं ठेवलं. निम्मं घमेल्यात पडलं आणि निम्मं खालच्या आडव्या पट्टीवरून (क्रॉसमेंबर) ओघळून भलतीकडेच. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि जनावरांना जीवघेणं. आमच्या पार्किंगमध्ये चार मांजरं राहतात. त्यामुळे पुढचा पाऊण तास इंजिनचं नाही, फरशीचं काम झालं. वॉचमन मामांनी बागेतली माती आणून टाकली, ती भरून पिशवीत बांधली, मग दोन बादल्या पाणी. मामा म्हणाले, "साहेब, गाडी गॅरेजला दिली असती तर?" हा प्रश्न त्या पंधरवड्यात मला अकरा जणांनी विचारला. मामा पहिले.

मग झाकणाचे बोल्ट. वरचा सहज निघाला. खालचा निघेना. गंज सोडवायचा स्प्रे मारला, चहा पिऊन आलो, पुन्हा लावला. माझ्याकडे अर्ध्या इंची रॅचेट आहे, तिचा दांडा हातभर लांब. सहा मिलिमीटरच्या बोल्टवर असा दांडा चालवणं म्हणजे खिळा ठोकायला घण घेणं. हा बोल्ट बसवताना जेमतेम १० न्यूटन-मीटर लागतं, मनगटाचा जोर पुरतो.

मी ओढलं. आधी काहीच नाही. मग किंचित हलल्यासारखं वाटलं आणि मी खूश झालो. मग तो नरम लागायला लागला. इथे जरा थांबून सांगतो, कारण ज्यांनी बोल्ट तोडलेत त्यांना हे पटकन ओळखू येईल. सुटणारा बोल्ट कुरकुरतो. एक हिसका देतो, मग आटे एकेक करून मोकळे होतात आणि हाताला ते मोजता येतात. हा तसा नव्हता. तो लोण्यात फिरल्यासारखा आवाज न करता फिरत होता. पाव फेरा, आणखी थोडा. मला वाटलं सुटला. प्रत्यक्षात तो जागच्या जागी पिळवटत होता. मग एक बारीकसा "टक्" झाला आणि मुंडी रॅचेटच्या गोटीत (सॉकेटमध्ये) घेऊन माझा हात बॅटरीवर आपटला.

झाकण काढल्यावर तुटका दांडा चार मिलिमीटर वर आलेला दिसला. वाइस ग्रिपने तो धरून फिरवला, तर तोही मुळाशी तुटला. आता सपाट. मग ड्रिलने मधोमध भोक पाडायला गेलो. बोल्ट पोलादाचा, भोवतालचं घर ॲल्युमिनियमचं. ड्रिलला मऊ बाजू आवडते, ते घसरून ॲल्युमिनियममध्ये शिरलं. तिथे मी थांबलो. त्या दिवशी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट ती.

असे बोल्ट का जाम होतात? पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून आणि वर ओलावा, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. झिजून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये ठासून बसते. तेरा वर्षं ती ठासत होती. स्प्रे तिथपर्यंत पोचत नाही. उष्णता पोचते. ॲल्युमिनियम त्याच उष्णतेला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोवतालचं घर तापवलं तर भोक मोठं होतं. आणि आधी थोडं आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं, असं पुढे-मागे करत भुकटी मोकळी करायची. हे सगळं मी रविवारी रात्री वाचलं.

उघड्या गाडीचा आठवडा

सोमवारी राखीपौर्णिमा. बहीण कळव्याला. रिक्षाने गेलो.

घरी इंजिन उघडणाऱ्याची एक वेगळी पंचाईत असते. पार्ट आणायला जायला जी गाडी लागते तीच उघडी पडलेली असते. पॅकिंग वेगळ्या मापाचं निघालं, रिक्षा. कूलंट पुरणार नाही म्हणून आणखी दोन लिटर, रिक्षा. ऑफिस सुटल्यावर स्टेशनजवळचं दुकान गाठावं तर शटर अर्धं खाली आलेलं. गॅरेजवाल्याकडे हाच पार्ट पोऱ्या दहा मिनिटांत सायकलवर आणतो. आपण बुधवारपर्यंत वाट बघतो आणि तोवर कुठला बोल्ट कुठल्या भोकातला ते विसरतो. मी बोल्ट अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवले होते. मुलीने तो ट्रे शाळेच्या प्रोजेक्टसाठी उचलला. बोल्ट एका वाटीत भरून दिले, "बाबा, सगळे आहेत" असं सांगून. सगळे होते, पण क्रम गेला.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप आला : पार्किंग वाहन उभं करण्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. चूक काही नाही त्यांचं. तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज सकाळी फिरायला जाताना बोनेटखाली वाकून बघायचे आणि "अजून?" एवढंच विचारायचे.

बुधवारी रात्री मी जुना थर्मोस्टॅट घरी नेला. त्याच्यावर ८२ आकडा कोरलेला असतो, म्हणजे त्या तापमानाला तो उघडायला सुरुवात करतो. पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, मल्टिमीटरबरोबर मिळालेली तापमानाची वायर पाण्यात सोडलेली. आई शेजारी उभी.

"हे दुधाचं पातेलं आहे."

"धुऊन देतो आई."

"धुऊन काय देतोस. विष ना ते? मांजरांसाठी माती टाकलीस खाली, आणि इथे माझ्या पातेल्यात?"

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पातेलं त्या रात्रीपासून माझं झालं, आता त्यात नट-बोल्ट रॉकेलमध्ये भिजत असतात.

८१ पर्यंत काही नाही. ८३ ला पितळी चकती केसभर उचलली गेली. नव्वदच्या पुढे ती बऱ्यापैकी उघडली होती. आतलं मेण वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं, एवढंच तिचं यंत्र, आणि ते तेरा वर्षांनी चोख चालत होतं. मग नवाही त्याच पाण्यात टाकला. तोही ८३ लाच उचलला. दोघांत डावं-उजवं करता येईना.

म्हणजे गाडीला थर्मोस्टॅटचा काही आजार नव्हता. ही चाचणी बोल्ट तोडण्याआधी करायला झाकणच काढावं लागलं असतं, हे खरं. पण भिवंडीची फेरी तर आधीच झाली होती ना. यापुढचे सगळे दिवस मी मूळ आजारावर नाही, मी स्वतः केलेल्या जखमेवर खर्च केले. घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त चीड याची येते. ज्या कामासाठी गाडी उघडली ते काम बाजूला पडतं, आणि आपण केवळ गाडी शनिवारी सकाळी होती तशी परत करण्यासाठी झगडत राहतो.

दुसरा शनिवार : मिस्त्री

२४ तारखेला वागळे इस्टेटमधले एक मिस्त्री स्कूटरवर आले. साठीच्या आसपासचे, आयुष्य लेथवर गेलेलं. पिशवीत बॅटरीचं ड्रिल, आटे पाडायच्या टॅपचा सेट आणि एक छोटा गॅस टॉर्च. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून माझं तिरकं भोक बघितलं, बराच वेळ.

"साहेब, आधी तापवायचं होतं."

"आता कळलं, मिस्त्री."

"इझी-आउट घातला नाही ना आत?" तुटका बोल्ट आतून धरून काढायचा तो पेच.

"आणलाय, पण घातला नाही."

"बरं केलं. तो कडक असतो, आत तुटला तर ड्रिलही लागत नाही. मग मी आल्या पावली गेलो असतो."

कूलंटच्या वाटेत त्यांनी आधी चिंधी कोंबली, चुरा आत जाऊ नये म्हणून. मग टोच्याने बरोबर मधोमध खूण ठोकली. सगळा वेळ त्या खुणेला गेला, ड्रिल नंतर दोन मिनिटांचं. जुन्या बोल्टचा चुरा झाला, आटेही गेले. ते अपेक्षितच होतं. त्यांनी भोक जरा मोठं करून त्यात नवे आटे पाडले आणि पोलादी तारेची एक स्प्रिंग फिरवत आत बसवली. तिच्या आतल्या बाजूने पुन्हा मूळ मापाचा सहाचा बोल्ट बसतो. ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा हे काम मजबूत होतं. चाळीस मिनिटं, बाराशे रुपये, आणि चहाला नको म्हणाले कारण पुढचं काम कोलशेतला होतं.

जाताना त्यांनी विचारलं, "पण थर्मोस्टॅट का काढलात?" मी काहीतरी सांगितलं.

हवा

रविवारी कूलंट भरलं. तयार पन्नास-पन्नास मिश्रण, चार लिटर. बसले मात्र तीनच. उरलेल्या जागेत हवा अडकलेली. हे ओळखायची खूण म्हणजे इंजिन गरम, काटा वर, आणि तरी हीटरमधून थंड वारं. हीटरची छोटी जाळी याच पाण्यावर चालते, हवा तिथे जाऊन बसते.

उपाय असा की रेडिएटरचं तोंड उंचावर येईल अशी गाडी उभी करायची, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालू करायचं, हीटर पूर्ण गरमवर, आणि जाड रबरी नळी (होज) हाताने दाबत राहायचं. आमच्या गेटचा उतार त्यासाठी झकास. म्हणजे ऑगस्टच्या दुपारी, पाऊस उघडून ऊन पडलेलं असताना, मी गेटमध्ये गाडी आडवी लावून आत हीटर फुल्ल करून बसलो आणि मामा येणाऱ्या प्रत्येक गाडीला "दहा मिनिटं" सांगत उभे राहिले. पाऊण तास लागला. गुडूप-गुडूप करत शेवटी लिटरभर आत गेलं. माझा शर्ट पिळण्यासारखा झाला होता.

मंगळवारी, २७ ला, दहीहंडी. ठाण्यात त्या दिवशी गाडी काढणं हा वेडेपणाच, पण मला तेच हवं होतं : खरी कोंडी. तीन हात नाक्याच्या अलीकडे अर्धा तास मुंगीच्या पावलाने चाललो. काटा अर्ध्यावर, मग वर, मग पाऊण घर. बायको शेजारी काही बोलली नाही. मी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, काचा खाली केल्या. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो आपल्या अंगावर ओततो आणि काटा उतरतो. "गोविंदा आला रे"च्या स्पीकरमध्ये, घामाने निथळत, आम्ही असे घरी पोचलो.

०.८

शनिवार, ३१ ऑगस्ट, रात्री दहा. मी पार्किंगमध्ये इंजिन नुसतं चालू ठेवून बसलो, काही न खोलता. मुद्दाम. याआधी मी गाडीला एकदाही तिचा आजार शांतपणे दाखवू दिला नव्हता. दरवेळी आधी पाना हातात.

काटा चढला. पंखा लागला नाही. एसी लावला. पंखा नाही. दोन आठवड्यांपूर्वी वहीत लिहिलेलं "पंखा ठीक" समोर होतं आणि पंखा समोर स्वस्थ उभा होता.

मी हात आत घातला नाही, पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो. या वेळी कपलर काढलाही नाही. तो जोडलेला असतानाच त्याच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून, टाचणी सरकवली आणि तिला मीटर लावला.

०.८ व्होल्ट.

कपलर ओढून काढला : १२.४. खोचला : ०.८. काढला : १२.४.

इथे मला खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलोही, पंपाच्या खोलीच्या पायरीवर. मल्टिमीटर व्होल्टेज बघताना वायरीतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. बीप वाजवायलाही त्याला चिमूटभर करंट पुरतो आणि वायरीचा विरोध पाच-दहा ओहम असला तरी तो आनंदाने वाजतो. पंख्याला मात्र आठ-दहा अँपिअर लागतात. बहुतेक तारा कुजून एखाद-दुसरीच कशीबशी टिकलेली वायरही मीटरला धडधाकट दिसते. तिच्याकडून खरं काम मागितलं की सगळं व्होल्टेज त्या कुजक्या जागीच संपतं, पंख्यापर्यंत काही उरत नाही. मी मोटर वेगळी तपासली, वायर वेगळी, सप्लाय वेगळा. तिघांना एकत्र कामाला लावून एकदाही मोजलं नाही. आणि त्या शनिवारी शेवटी पंखा फिरला, तो मीच वायरी हलवल्यामुळे.

बीप न ऐकता मीटरवरचा ओहमचा आकडा वाचला असता तरी चाललं असतं. आकडा समोर होता, मी आवाजावर समाधान मानलं.

खात्रीसाठी घरात पडलेला हेडलाइटचा जुना बल्ब कपलरला लावला. हा साडेचार-पाच अँपिअर खातो. नीट वायरीवर तो डोळे दिपवतो. इथे त्याची तार शेगडीत विझत आलेल्या निखाऱ्याएवढी लाल झाली.

मग वायर मागे-मागे चाचपत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली, जिथे वायरींचा जुडगा वळतो, तिथे टेप फाटलेली. पंख्याच्या वायरीचं आवरण दोन बोटं लांब कुरतडलेलं, आतल्या तारा हिरव्या पडून भुसभुशीत झालेल्या, दोनच कशाबशा टिकून. बोट लावलं तर जागा कोमट. ट्रेमध्ये काळ्या लेंड्या आणि पावाचा एक वाळका तुकडा. पावसाळ्यात उंदीर कोरडी, उबदार जागा शोधतात, आणि ऑफिसहून आलेल्या गाडीच्या बोनेटखाली दोन्ही सोयी असतात. दात सतत वाढत असल्याने त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं.

गणपतीला सात दिवस होते. बाप्पाच्या वाहनाने माझं वाहन खाल्लं, असं मी वर जाऊन सांगितलं. बायको हसली नाही. "मी सांगितलं होतं," असंही म्हणाली नाही, आणि ते जास्त लागलं.

रविवारी सकाळी बॅटरी सोडून कुजका तुकडा दोन्हीकडून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापला, अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर मध्ये डाख देऊन जोडली, वर उष्णतेने आकसणारी नळी, वर टेप, आणि जुडगा ट्रेपासून दूर बांधला. पंचवीस मिनिटं. कपलर जोडलेला ठेवून मोजलं : १२.१.

हिशेब

थर्मोस्टॅट ६५०, पॅकिंग ९०, कूलंट आधी ११००, मग आणखी दोन लिटरचे ५६०, न वापरलेला इझी-आउटचा सेट ३८०, ड्रिलची पाती २१०, मिस्त्री १२००, रिक्षा साधारण ५००. एकूण ४६९०. हा सगळा खर्च जे बिघडलेलं नव्हतं त्याच्यावर. जे बिघडलं होतं त्याच्यावर ६० रुपये, वायर आणि नळीचे. वेळ तीन शनिवार-रविवार मिळून एकोणीस-वीस तास, त्यातली खरी दुरुस्ती ती पंचवीस मिनिटांची.

सुरुवातीला मी एका गॅरेजमध्ये विचारलं होतं. त्यांनीही गाडी न बघता थर्मोस्टॅट आणि फ्लशिंग सांगितलं होतं, साडेतीन हजार. त्यांचा बोल्ट तुटला नसता, हे कबूल. गाडी मात्र दहीहंडीला तापलीच असती.

वहीतलं ते पान मी फाडलं नाही. "पंखा ठीक" खोडून पुढे लिहिलं : भाराखाली मोजला नाही.

५ सप्टेंबर, माणगाव

पहाटे चारला निघूनही माणगावच्या बाजारपेठेत दीड तास अडकलो. पुढे-मागे मखरं बांधलेल्या गाड्या, एसटीच्या जादा बस, इंजिन बंद-चालू करणारी माणसं. बायकोने तिच्या बाजूची काच चार बोटं उघडी ठेवली होती, खबरदारी म्हणून. मी काट्याकडे बघत होतो. तो अर्ध्यापर्यंत आला, आणि बोनेटखालून घर्र करून पंखा लागला. थोड्या वेळाने थांबला. मागून मुलगी मोजत होती. "बाबा, सात वेळा."

आठव्यांदा पंखा लागला तेव्हा बायकोने एसीच्या जाळीसमोर तळहात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काच वर केली.